शिखराकडे तोंड करून

फार जुनी गोष्ट आहे. तेव्हा राज्ये पुष्कळ होती, आणि शहाणपण आजच्याइतकेच होते.

अशाच एका राज्यात चुना भाजणाऱ्यांचे गाव होते. भट्ट्यांच्या धुराने आणि चुन्याच्या धुळीने तिथल्या माणसांचे डोळे ऐन उमेदीतच अधू होत. गावाला वैद्य नव्हता. राजाकडे गाऱ्हाणे नेले की "विचार चालू आहे" असे उत्तर मिळे. हा विचार राजाच्या आजोबांच्या काळापासून चालू होता.

त्या गावातल्या एका मुलीने ठरवले, आपणच वैद्य व्हायचे. तिच्या आईला आताशा तव्यावरची भाकरी चाचपून उलटावी लागत होती.

डोंगराच्या शिखरावर एक मोठी पाठशाळा होती. मुलीने लहानपणापासून तिचेच स्वप्न पाहिले होते. तिथली परीक्षा तिने दिली आणि तिची निवडही झाली. पण तिथे राहण्या-जेवण्याचा खर्च एवढा, की घरची भट्टी विकावी लागली असती.

त्याच सुमारास डोंगराच्या पायथ्याच्या रानातून निरोप आला. तिथे एक म्हातारा वैद्य एकटाच राहत असे. "डोळ्यांवरचे औषध शिकवीन," त्याने कळवले होते. "राहणे, जेवणे, शिकणे फुकट. एका शिष्यापुरते धान्य राजाने फार पूर्वी लावून दिले आहे. ते खायला कोणी येत नाही."

"भट्टी विकू," आई म्हणाली. "तशीही ती मला कुठे धड दिसते?"

"आणि खाशील काय?"

"तू वैद्य झालीस की खाईन. तोवर एकादश्या धरीन. पुण्य तरी लागेल."

मुलगी हसली नाही. तिने रान निवडले. निवड शहाणपणाची होती. गावातल्या प्रत्येकाने तसे सांगितले, बहुतेकांनी न विचारताच.

म्हाताऱ्याची शिकवण्याची रीत निराळी होती. ज्या वनस्पतीला फूल आले असेल, तिच्यासमोर उभे राहूनच तो तिच्याविषयी बोले. इतर वेळी विचारले तर म्हणे, "ती इथे नसताना तिच्याविषयी बोलायचं म्हणजे चहाडी. फुलू दे, मग तिच्या तोंडावर बोलू." आणि तिथे जे सांगायचे ते एकदाच सांगे. हुकले तर पुढच्या बहरापर्यंत थांबायचे.

रानात त्या दोघांखेरीज कोणी नव्हते. झोपडीच्या अंगणातून शिखर मात्र स्वच्छ दिसे. तिथल्या घंटा ऐकू येत. वारा खालच्या बाजूला वळला की मुलामुलींचे हसणेही ऐकू येई. मुलगी सकाळी शिखराकडे तोंड करून बसे आणि संध्याकाळीही तशीच. कोणती घंटा पाठाची, कोणती जेवणाची, हे तिला पाठ झाले होते.

"पोरी, जेवताना तरी इकडे तोंड कर," म्हातारा म्हणे.

"ऐकतेय ना मी, बाबा."

"कान इकडे आहेत, ते दिसतंय मला. दोन कानांच्या मधलं कुठे गेलंय, ते विचारतोय."

मुलगी ताट घेऊन वळून बसे. थोड्या वेळाने पुन्हा मूळ जागी वळे. म्हाताऱ्याने कित्येक वर्षे शिष्याची वाट पाहिली होती. आता शिष्या येऊनही तो वाटच पाहत होता.

थंडीच्या सुरुवातीला एके सकाळी त्याने तिला खडकांमधल्या एका बारीक झुडपाशी नेले. इवलीशी निळी फुले आली होती. दुपारपर्यंत ती गळून जाणार होती.

"तुझ्या आईच्या डोळ्यांचं औषध हे," म्हातारा म्हणाला आणि मुळाविषयी, पानाविषयी, मात्रेविषयी सांगू लागला.

त्याच सकाळी शिखरावर नव्या विद्यार्थ्यांची मिरवणूक निघाली होती. ढोल वाजत होते. मुलगी शिखरावर गेली असती तर याच मिरवणुकीत असती. कोणत्या रंगाचे उपरणे मिळाले असते, याचा ती विचार करत होती.

"कळलं?" म्हाताऱ्याने विचारले.

"हं."

त्याने तिच्याकडे पाहिले. "बरं," तो म्हणाला. "पुढच्या वर्षी पुन्हा येऊ."

पुढचे वर्ष त्याला लाभले नाही. थंडी सरता सरता तो गेला. मुलीने रानाबाहेरच्या गुराख्यांच्या मदतीने त्याला अग्नी दिला.

ती गाठोडे बांधत होती, तेव्हा डोंगर उतरून एक तरुण आला.

"शिखरावरच्या पाठशाळेतून आलो," तो म्हणाला. "आमचे आचार्य म्हणाले, बाकी सगळं इथे शीक, पण डोळ्यांचं औषध खालच्या बाबांनाच ठाऊक आहे."

"बाबा गेले."

तरुणाने खांद्यावरची झोळी खाली टाकली. मग त्याचा चेहरा थोडा उजळला. "पण तुम्ही त्यांच्या शिष्या ना? मग तुम्हीच सांगा. मूळ घ्यायचं की पान?"

मुलगी गाठोड्याची गाठ पुन्हा आवळू लागली. "पाठाची घंटा चुकवून आलात?" तिने विचारले.

"तुम्हाला आमच्या घंटा कशा ठाऊक?"

"सगळ्या ठाऊक आहेत."

तरुणाने झोळी उचलली. नमस्कार करून तो परत डोंगर चढू लागला. शिखरावरची पाठशाळा खरोखरच चांगली होती. तिला उगाच नावे ठेवण्यात अर्थ नाही.

मुलगी गावी पोचली तेव्हा आई भट्टीपाशी बसली होती.

"आलीस? जवळ ये, मला लांबचं दिसत नाही. बाबा कसे होते?"

"फार चांगले होते."

"असणारच. माझ्या डोळ्यांचं काही सांगितलं त्यांनी?"

"सांगितलं होतं," मुलगी म्हणाली.

पुढचे ऐकायला आई मान तिरकी करून थांबली. मग काही न विचारता तिने लेकीचा हात चाचपून आपल्या हातात घेतला.

दुसऱ्या पावसाळ्याच्या आत आईची नजर पुरती गेली. भट्टी तेवढी राहिली.

तात्पर्य: निवडलेल्या जागी जो मनाने पोचत नाही, तो कुठेच पोचत नाही.