टिटवीचा भाला

फार पूर्वी एका खेळाच्या पटावर लोखंडी यंत्रयोद्धे लढत. ज्याचं ओझं जास्त त्याची चाल मंद, हा तिथला नियम. तरीही तीन तोफा वागवणाऱ्या गेंड्याचा सगळ्यांना धाक होता.

सगळ्यांत लहान योद्धा टिटवी. ती एक तोफ घेऊन हत्यारं घासून देणाऱ्या म्हाताऱ्या कानशीकडे गेली. “मावशी, ही मला बसवून दे.”

“ही उचलशील, पण उडी कशी मारशील?” म्हणत कानस तोफ घासत राहिली. शेवटी गवताच्या पात्याएवढा भाला उरला. टिटवीला रडूच कोसळलं.

लढाईत गेंडा तोफा वळवेपर्यंत टिटवी त्याच्या मागे पोचली आणि तिने त्याच्या गुडघ्याच्या सांध्यात भाला रुतवला. तो डोंगर खाली बसला.

“एवढ्याशा भाल्यात आहे तरी काय?” गेंड्याने विचारलं.

टिटवीही थक्क होऊन भाला निरखत होती. “तुझ्याकडे आहे त्यातलं काहीच नाही,” ती हळूच म्हणाली.