दुसऱ्या पंगतीचा वाढपी

“पण बुवा, त्याच्यात असं काय आहे, जे माझ्यात नाही?”

यशवंतबुवा पळसाची पानं टाचून पत्रावळ लावत होते. मान वर न करता त्यांनी विचारलं, “कुणाच्यात?”

“सौमित्रच्यात! आणखी कुणाच्यात?”

“अस्सं... बस.”

देवदत्त बसला नाही. बसेल कसा? आठ दिवस त्याच्या अंगाचा नुसता तिळपापड होत होता.

बुवा पूर्वी तालुक्याच्या शाळेत विज्ञान शिकवायचे. निवृत्तीनंतर नदीकाठच्या या मठात येऊन राहिले. देवदत्त आणि सौमित्र, दोघंही त्यांच्याच हाताखालचे. दोघांनी भूशास्त्राच्या एकाच नामांकित संस्थेत अर्ज केला, दोघं एकाच गाडीनं मुलाखतीला गेले. जागा चोवीस. सौमित्रला प्रवेश मिळाला. देवदत्तचं नाव प्रतीक्षायादीत लागलं, तिसरं.

संस्थेनं कळवलं होतं, अजूनही यायची इच्छा असेल तर एका पानाचं पत्र ईमेलनं पाठवा. मुदत आज संध्याकाळी पाचपर्यंत.

“पत्र आणलंस?”

“आणलंय. पाठवण्याआधी तुम्ही एकदा ऐका.”

“वाच.”

देवदत्तनं घसा साफ केला. “महोदय, आपल्या संस्थेत शिकण्याची माझी इच्छा आजही तितकीच तीव्र आहे. तथापि, माझ्याच शाळेतील, माझ्यापेक्षा चार गुण कमी असलेल्या एका विद्यार्थ्यास प्रवेश मिळाला असून...”

तो वाचत गेला. बुवा टाचत राहिले.

“कसं वाटलं?”

“वाचलंस खणखणीत.”

“आणि मजकूर?”

बुवा पत्रावळी उचलून आत निघाले. तेवढ्यात ओवरीतली घंटा वाजली.

गुरुवार होता, मठात अन्नदान होतं. ओवरी लहान, एका वेळी चाळीसच पानं मांडता येत. उरलेल्यांनी दुसऱ्या पंगतीला बसायचं, आणि तोवर पहिलीला वाढायचं, ही तिथली रीत. देवदत्त आत गेला तर चाळीसही जागा भरलेल्या! आणि मधोमध, मांडी ठोकून, कोण? सौमित्र.

म्हणजे इथंही हाच आधी! देवदत्तच्या मनात आलं, आणि कानशिलं तापली.

कुणीतरी त्याच्या हातात वरणाची बादली दिली. “चल, वाढायला लाग.”

तो वाढत निघाला. हात चालत होता, नजर मात्र पुढंच होती. याच्या पानात भात केवढा! बुंदी वाढणाऱ्या काकूंनी याला मूठभर जास्त घातली, हसून घातली. सगळ्यांचा लाडका ना! काय बघतात लोक याच्यात, देव जाणे.

सौमित्रनं मान वर केली. त्याच्या मनात काही नव्हतं. “देवा, पत्र झालं का रे? आण की, मी एकदा बघून देतो.”

बघून देतो! मेहेरबानीच म्हणायची! देवदत्तनं अर्धा डाव वरण त्याच्या भातावर आपटलं आणि तरातरा पुढं गेला. पुढं गेल्यावरही तो तीनदा मागं वळला. हा जेवतो तरी कसा ते बघायला.

पंगत उठली. माणसं हात धुवायला विहिरीकडे गेली.

“देवदत्ता...”

बुवांची हाक. ओवरीतूनच आली होती. देवदत्त बादली घेऊन गेला. सौमित्रची रिकामी पत्रावळ अजून तिथंच होती. त्याची नजर आधी तिच्यावरच गेली.

“सौमित्रच्या पानात काय काय पडलं रे?”

देवदत्तला विचार करावाच लागला नाही. “भात दोनदा. वांग्याची भाजी, त्यात दोन अख्खी वांगी. पोळ्या तीन. बुंदी सगळ्यांना एक मूठ, त्याला दोन.”

“वा! आणि त्याच्या उजव्या हाताला कोण बसलं होतं?”

“उजव्या हाताला...”

देवदत्त आठवू लागला. कुणीतरी बाई होती का? की म्हातारे गृहस्थ? डोळ्यांसमोर काहीच येईना.

बुवांनी आपल्या पुढ्यातल्या पत्रावळीकडे बोट केलं.

पांढराशुभ्र भात. मूद जशीच्या तशी. वरणाचा थेंब नाही.

“बुवा... तुम्ही?”

“मीच. मठात आहे मी, दोन वर्षं झाली.”

देवदत्तचं तोंड उतरलं. बादलीची कडी त्याच्या हातात कुरकुरली.

“मला सांग, मुलाखतीला गेलास, तिथं संस्थेत काय पाहिलंस?”

“मुलाखत पाहिली. सौमित्रची पंचवीस मिनिटं चालली, माझी अकरा. बाहेर आला तर हसत होता. शिवाय त्याला त्यांनी...”

“संस्थेत काय पाहिलंस?”

देवदत्तनं बादली खाली ठेवली.

बाहेर विहिरीवर रहाट वाजत होता.

“...जिन्याजवळ एक दगड होता,” तो हळूच म्हणाला. “माझ्या कमरेएवढा. काळपट. त्यात शिंपले होते, बुवा! अख्खे शिंपले, वरच्या रेघांसकट. समुद्र तिथून दोन दिवसांच्या वाटेवर, आणि दगडात शिंपले. मी बोट फिरवलं त्यावरून. शिपाई ओरडला तरी मला हात काढावासा वाटेना. तिथं कधीकाळी पाणी होतं, आणि ते पाणी कुणीच...”

तो थांबला. कितीतरी दिवसांत पहिल्यांदाच त्याच्या बोलण्यात एवढा वेळ सौमित्र आला नव्हता.

“हे पत्रात कुठंय?”

“नाहीये.”

देवदत्तनं खिशातला कागद काढला, उलगडला, पुन्हा घडी केली. दीड वाजला होता. पाचपर्यंत वेळ होता. पण मन कसलं ऐकतंय!

“समजा, लिहिलं हे. तरी जागा मिळेल कशावरून? आणि मिळाली तरी तो माझ्या आधी गेलाच ना, बुवा? तो पहिला, मी मागून. ते तर राहीलच!”

बुवांनी पत्रावळ दोन बोटांनी पुढं सरकवली.

“बादलीत वरण आहे ना अजून? मग वाढ. पहिल्या पंगतीला बसूनही मघापासून कोरडा भात घेऊन वाट बघतोय.”