तारांवरचा तळवा

“पण मग हिचा आवाज गेला कुठं, बुवा?”

त्र्यंबक पुन्हा पुन्हा तेच विचारत होता. डॉक्टरांनी गळा तपासला होता, गळ्यात काही दोष नव्हता. शेजारी त्याची मुलगी कुमुद मान खाली घालून बसली होती. लग्नाच्या वयाची पोर, पण गेल्या दिवाळीपासून तिनं गाणं तर सोडाच, बोलणंही टाकलं होतं.

अण्णाबुवा डोळे मिटून ऐकत होते. त्र्यंबक त्यांचा जुना शिष्य. स्वतःला मैफल काही मिळाली नाही, म्हणून स्वारीनं सगळी हौस मुलीकडून भागवून घ्यायचं ठरवलं. त्यात आपलं काही चुकलं असेल, हे त्याच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

“शिकवलंस कसं हिला?”

“तुम्ही मला शिकवलंत तसंच!” त्र्यंबकची मान ताठ झाली. “स्वर हलला की तारांवर तळवा. तंबोरा बंद. मग दुसऱ्या दिवसापर्यंत तिच्याशी अवाक्षर बोलायचं नाही. लाड म्हणून नाहीत.”

“घरातसुद्धा?”

“घरातच तर! जेवताना, झोपताना... हिच्या आईलाही बजावलं होतं, मी बोलल्याशिवाय तू बोलायचं नाहीस. अगदी एवढीशी होती तेव्हापासून.”

बुवांनी तंबोरा जुळवला आणि कुमुदच्या हाती दिला.

“बाळ, नुसता सा लाव. बेसूर झाला तरी चालेल.”

त्र्यंबक सगळा जीव कानांत आणून बसला. तारा छेडल्या गेल्या. कुमुदनं श्वास घेतला, ओठ उघडले...

आणि स्वर फुटायच्या आत तिनं स्वतःच आपला तळवा तारांवर ठेवला.

...

“पाहिलंत?” त्र्यंबक कळवळला. “हे असं करते! मी आता तारांना हात लावत नाही हो, शपथेवर सांगतो. पाया पडतो हिच्या. गाऊ नकोस म्हणतो, नुसतं बाबा म्हण...” तो रडायलाच लागला.

कुमुदनं मान वर केली नाही. बापाचं रडणं तिला ऐकू तरी येत होतं की नाही, कोण जाणे.

बुवांनी तंबोरा तिच्याकडून अलगद काढून घेतला, त्यावर गवसणी चढवली आणि तो कोपऱ्यात उभा केला. तिचा हात मांडीवर तसाच पडून राहिला. त्र्यंबकला तो बघवेना.

“तुम्ही काहीतरी करा, बुवा. मी हिला इथंच ठेवून जातो.”

“माझ्यानं होणार नाही.”

“का नाही होणार?” त्र्यंबक एकदम उसळला. गुरूसमोर तो आयुष्यात पहिल्यांदाच आवाज चढवत होता. “तुम्हीही मला असंच शिकवलंत! तळवा ठेवलात, अबोला धरलात, रडवलंत. मी कुठं मुका झालो?”

बुवांनी त्याच्याकडे पाहिलं.

“माझ्याकडून रडत निघालास की तू घरी जायचास, त्र्यंबका. हिनं कुठं जायचं होतं?”