घागरीत विरलेले बिल्ले

पूर्वी भद्रिका नगरीच्या गादीवर सुदंत राजा होता, त्या काळी बोधिसत्त्व एका दारवानाच्या पोटी जन्माला आला होता. दारवान महालाचा नाही हं, आरोग्यशाळेचा. बापामागं तेच दार त्याच्याकडं आलं. नाव कोंडिल. म्हातारपणी दात चारच उरलेले, पण जीभ बत्तीस दातांची. "काय शेठ, पोट दुखतंय? काल कुणाच्या लग्नात हाणलं फुकटचं?" दुखणाईत हसत आत जायचा, अर्धं दुखणं उंबऱ्याबाहेरच राहायचं.

सुगी झाली की प्रत्येक घर राजाच्या कणगीत पायलीभर धान्य टाकी. त्यावर वैद्यांचा शिधा आणि औषधं भागत. धान्य दिलं की गळ्यात घालायला कच्च्या मातीचा बिल्ला मिळे, त्यावर घराची खूण. बिल्ला मुद्दाम कच्चा. पावसाळ्यात विरला पाहिजे, म्हणजे पुढच्या सुगीला पुन्हा पायली देणं आलं! नगरच्या लोकांचं डोकं असल्या कामात फार चाले.

मग वरच्या देशात दुष्काळ पडला. दीडेकशे कुटुंबं नदीपल्याड येऊन राहिली, नगरच्या तटाला दगड वाहू लागली. सुगीला तीही पायली घेऊन कणगीपाशी आली. अमात्य उग्रसेन म्हणाला, "तुमची घरं आमच्या नोंदीत नाहीत. न्या परत." धान्य घेतलं नाही म्हणून बिल्ला नाही, बिल्ला नाही म्हणून औषध नाही. वर हुकूम काढला: बिनबिल्ल्याचा आत दिसला तर बाहेर काढायचा, आणि त्याला आत सोडणाऱ्या दारवानाला नगराबाहेर.

उग्रसेन काही दुष्ट नव्हता. कणगीचा तळ दिसू लागला होता, आणि त्याची स्वतःची आई धापेनं आरोग्यशाळेत दाराजवळच्या खाटेवर पडली होती.

एका दुपारी पल्याडचा दगडवाहू केवळा आणि त्याचा भाऊ घोंगडीची झोळी करून आले. झोळीत केवळ्याची बायको सावरी.

"दोन दिवस झाले, आजा," केवळा म्हणाला. "बाळ आडवं आलंय."

कोंडिलला थट्टा सुचली नाही. आतली सुईण दारात आली, सावरीच्या रिकाम्या गळ्याकडं बघून उंबऱ्यातच थांबली. रस्त्यावर धूळ उठली होती. अमात्य रोज याच वेळेला आईला भेटायला यायचा. कोंडिलचे गुडघे धरलेले, मागंपुढं कुणी नाही. नगराबाहेर काढलं तर जाणार कुठं?

त्यानं आपला कासवाच्या खुणेचा बिल्ला काढून सावरीच्या गळ्यात घातला. "घे पोरी, आजपासून दारवान तू. मी निघालो हिंडायला." झोळी आत गेली आणि तो उंबऱ्याबाहेर उन्हात जाऊन बसला.

दोन शिपायांसह उग्रसेन आला. "कोंडिल, उन्हात का रे?"

"आत बिल्लेवाल्यांना जागा, महाराज."

उग्रसेननं त्याच्या गळ्याकडं पाहिलं. तेवढ्यात आतून किंकाळी आली. तो धावत आत गेला. सावरीच्या गळ्यात कासव!

"काढा हिला बाहेर."

"आत्ता हलवलं तर दोन जीव जातील," सुईण म्हणाली.

"आज ही, उद्या दीडशे घरं. कणगी संपल्यावर आपल्या लेकरांना काय माती चारशील?"

"महाराज," कोंडिल बाहेरूनच ओरडला, "ती मानसं पायली घेऊन आली व्हती. कणगीवर झाकन आपनच घातलं."

"तू बोलू नकोस. तू आता परका."

"म्हनून तर बोलतोय. परक्याला तेवढंच फुकट हाय."

शिपायांनी घोंगडीची टोकं धरली. सावरीनं खाटेचा खूर घट्ट धरला, बोटं पांढरी पडली.

तेवढ्यात 'डुबुक' वाजलं. अमात्याच्या आईनं आपला बिल्ला उशाच्या घागरीत टाकला होता.

"अगं बाई, पडला वाटतं," म्हातारी धापत म्हणाली.

शेजारच्या खाटेवरच्या तेल्यानं बिल्ला टाकला. त्याच्या पलीकडच्या सोनारणीनं टाकला. घागर खाटेवरून खाटेवर फिरली. सुईण पुढं झाली, सावरीच्या गळ्यातलं कासवही काढून टाकलं. घागरीत नुसता चिखल.

शिपाई चाचरला, "महाराज, आता कुणाकुणाला काढू?"

"मला आधी काढा," म्हातारी म्हणाली. "मी दाराजवळ हाय."

उग्रसेन दोघींच्या मधे उभा. हुकूम त्याचाच, आई त्याचीच. सावरी आता ओरडतही नव्हती. उंबऱ्याबाहेर कोंडिलनं डोळे मिटले.

"सोडा," उग्रसेन म्हणाला. टोकं सुटली.

सुईणीनं बाह्या सारल्या. घटका गेली, दुसरी गेली. मग बाळ असं काही कोकललं की म्हातारीची धापही क्षणभर विसरली धपापायला.

उग्रसेन स्वतः राजाकडं गेला, झालं ते लपवलं नाही. राजानं कणगी उचलून वेशीबाहेर रस्त्यावर ठेवली. ज्याला जमेल त्यानं टाकावं, ज्याला दुखेल त्यानं आरोग्यशाळेत जावं. बिल्ला कुणालाच नको. पुढच्या सुगीला पहिली दीडशे पायली पल्याडची पडली. कोंडिल परत दारावर गेला नाही; तपासायला बिल्लाच उरला नव्हता. कणगीपाशी बसायचा. "एवढंच? तुझं पोट तर दोन पायलीचं दिसतंय!"

इतकं सांगून शास्ता म्हणजे भगवान भिक्षूंना म्हणाले, "तेव्हाचा उग्रसेन म्हणजे मागं मान खाली घालून बसलेला आपला तिस्सक. काल पाहुण्या भिक्षूला तापात मध दिला नाही यानं, 'तू आमच्या विहारातला नाहीस' म्हणून. सावरीचं बाळ म्हणजे तोच पाहुणा. म्हातारी म्हणजे विहाराला मध देणारी उपासिका सुभगा. आणि कोंडिल मीच होतो."

तिस्सक उठला, मधाचं मडकं घेऊन आला.

"उरलेलं देणं सोपं," शास्ता म्हणाले. "गळ्यातलं काढून द्यावं आणि आपण उन्हात बसावं, ती दानपारमी."