जहागीरदारांचं पथ्य

उदाजीराव जहागीरदारांचं पित्त खवळलं. छातीत जळजळ, आंबट ढेकर आणि उठसूट माणसांवर डाफरणं. नारोपंत वैद्यांनी बजावलं, "महिनाभर ताटाची डावी बाजू रिकामी ठेवा. लोणचं नाही, ठेचा नाही. मुगाचं वरण, दुधी, साजूक तूप एवढंच."

महिना सरला. रावांनी वैद्यांना भरल्या सदरेवर उभं केलं. "जळजळ तशीच आहे. तुमचं शास्त्र खोटं. उद्या गाव सोडा."

"पथ्य पाळलंत?"

"अगदी कडक. आमच्या वतीनं विसोभटांनी पाळलं. आमचा जप, आमचे उपास तेच करतात, पुण्य आम्हांला लागतं."

वैद्यांनी शेजारी बसलेल्या विसोभटांची नाडी पाहिली. "सरकार, पथ्य लागू पडलंय. यांचं पित्त शांत आहे. आता आपल्या वतीनं ढेकरही यांनाच द्यायला सांगा."

विसोभटांनी मान खाली घातली. रावांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं, तोच त्यांना आंबट ढेकर आला. कोणी हसलं नाही, आणि तेच त्यांना जास्त लागलं. उपरण्यानं तोंड पुसत ते पुटपुटले, "पंत, गाव सोडू नका."

दुपारी वाढप्यानं लोणचं पुढं केलं, तेव्हा रावांनी वर न बघताच ताटाची डावी बाजू हातानं झाकली.