हातधोंडीच्या खिंडीतले लहान दगड

घाट चढून हातधोंडीच्या खिंडीत आलात की गाडी थांबवा आणि खाली उतरा. इथून कोणी तसाच पुढे जात नाही. डाव्या कड्याच्या पोटात एक खोबण आहे, माणूस उभा राहील एवढी. तिच्या तोंडाशी गुडघाभर उंच दगडांचा ढीग आहे, आणि त्यातले सगळे दगड लहान, कोणी लिंबाएवढा, कोणी सुपारीएवढा. समोर वाटेच्या उजव्या अंगाला मोठ्या धोंड्यांची पुरुषभर रास आहे. दर पावसाळ्यात दरड येते आणि डावीकडे पुन्हा मोठे धोंडे पडतात. येणाऱ्या-जाणाऱ्याने त्यातला एक उचलायचा, उजवीकडे नेऊन टाकायचा आणि मग पुढे व्हायचं. लहान दगडांना हात लावायचा नाही. इथे देव नाही, शेंदूर नाही, नवस नाही. मग हे कशासाठी, असं पाहुणे विचारतात. खालच्या वाडीत सांगतात ते असं.

सडक नव्हती तेव्हा ही मिठाची वाट होती. बैलांच्या पाठीवर कोकणातून मीठ वर यायचं, वरून ज्वारी आणि गूळ खाली जायचा. वाटेत लूट व्हायची, नाही असं नाही. पण लुटणारे माल घेत, दोन रट्टे देत आणि माणसाला सोडून देत. असं पिढ्यान्‌पिढ्या चाललेलं होतं.

मलू नावाचा एक बैलवाला होता, त्याची बायको भिवरा. एका चैत्रात मलूला खिंडीत हैबतीने गाठलं. हा हैबती आधी घाटाच्या चौकीवर पहारेकरी होता. या मुलखाच्या देशमुखांनी पहारेकरी कमी केले, त्यात त्याचं धान्य बंद झालं. मलूने बैलाची वेसण सोडली नाही, झटापट झाली आणि मलू कड्यावरून खाली गेला. हैबती बैल घेऊन पळाला असता तर कोणाच्या बापाला सापडला नसता. पण तो खाली उतरला. चौकीची माणसं पोचली तेव्हा तो मलूचं डोकं मांडीवर घेऊन त्याला पाणी पाजत होता म्हणे. तिथेच त्याच्या मुसक्या बांधल्या. दिवस मावळायच्या आत मलू गेला.

देशमुख हैबतीला गडावर कोंडून ठेवणार होते. भिवरा दोन लहान मुली घेऊन त्यांच्या दारात बसली आणि तीन दिवस अन्नाला शिवली नाही.

"गडावर बसून आयतं खाईल त्यो," ती म्हणाली. "माझा धनी तडफडून गेला. ह्योबी तसाच जायला पायजे, आन् समद्यांनी बघायला पायजे."

भिवरा दुष्ट नव्हती, हे इथली माणसं आवर्जून सांगतात. हैबती श्वास घेतोय तोवर आपल्या छातीवरचा धोंडा हलणार नाही, असं तिला अगदी खरं वाटत होतं. अशा वेळी कोणालाही वाटेल.

देशमुखांना जरब तर बसवायची होती, पण माणूस मारल्याचं पाप नको होतं. त्यांच्या कारभाऱ्याने तोड काढली. हैबतीला खिंडीतल्या खोबणीत उभा बांधायचा, आणि वाटेने जाणाऱ्या प्रत्येकाने त्याच्यापुढे एक दगड रचायचा. मग मारला कोणी? कोणीच नाही. सोबत दवंडीही पिटली, की यापुढे घाटात जो कोणी लूट करील त्याला हीच शिक्षा. भिवराला ती दवंडी गोड लागली.

पहिला दगड तिने ठेवला. मग ती रोज येऊन समोर बसायची. बैलवाले येत, मान खाली घालून दगड ठेवत आणि बैलांना उगाच हाकारत पुढे जात. चौकीवाला भाला घेऊन उभाच असे, त्यामुळे कोणी चुकवायची सोय नव्हती. चौथ्या दिवशी दगड हैबतीच्या छातीपर्यंत आले. त्या दिवशी तो तिच्याशी बोलला.

"बाई, त्यानं दोन घोट पानी घेतलं व्हतं," तो म्हणाला. "तेवढं तुमास्नी ठावं असावं."

भिवराने ते ऐकून घेतलं. तरी तिने आणखी एक दगड ठेवला. सहाव्या दिवशी तोंड झाकलं गेलं. ती घरी आली, भाकरी थापली आणि कितीतरी दिवसांनी पोटभर जेवली. सकाळी उठून पाहिलं तर घर होतं तसंच होतं, मलू नव्हताच.

पुढचं वर्ष शांत गेलं. कारभारी पाहुण्यांना मुद्दाम खिंडीत नेऊन ढीग दाखवायचा. भिवराचा धाकटा भाऊ कोंडू तिच्याकडे राहायला आला होता. त्याने मलूचे बैल हाकायला घेतले आणि भाच्यांना बापाची उणीव भासू दिली नाही.

मार्गशीर्षात कोंडूचा तांडा आला नाही. तिसऱ्या दिवशी गिधाडं दिसली. खाली दरीत पाच बैलवाले गळे चिरलेले सापडले, कोंडू त्यांतला एक होता. मिठाची एकही गोणी जागेवर नव्हती, बैल गेले होते. तेच बैल विकताना तिघे जण लांबच्या बाजारात पकडले गेले. त्यांना देशमुखांपुढे उभं केलं तेव्हा भिवरा तिथे होती.

"माल मिळाला होता ना?" देशमुखांनी विचारलं. "मग माणसं का मारलीत?"

तिघांतला वडीलधारा बोलला. "सरकार, आदी आमी मानूस सोडत व्हतो. आता सोडला तर त्यो वळखनार, आन् आमी दगडात जानार. लुटीला तीच शिक्षा, खुनाला तीच. मग जित्ता कशाला सोडायचा? आन् हैबती पानी पाजाया थांबला, त्याचं काय झालं ते आमी बघितलंय. आमीबी एकेक दगड ठेवलाय तिथं."

कारभारी म्हणाला, "जरब कमी पडली, सरकार." आणि पहिला दगड ठेवायला त्याने भिवराला हाक मारली.

भिवरा उठली ती तडक खिंडीत गेली. कोंडूचा गळा ज्या भीतीने चिरला, ती भीती आपणच दारात बसून मागून घेतली होती, हे तिला कळून चुकलं होतं. तिने ढिगाला हात घातला आणि दगड ओढायला सुरुवात केली. बोटं फुटली तरी थांबली नाही.

पहिला दगड ठेवायला भिवरा आली नाही, तेव्हा त्या तिघांना खाली माळावर फाशी दिलं. त्याने लुटी थांबल्या का? नाही. पुढे चौकीवर पुन्हा पुरेशी माणसं आली आणि लुटणारा हमखास सापडू लागला, तेव्हा त्या कमी झाल्या. पण त्या चौकीची कोणी गोष्ट सांगत नाही.

भिवरा वाटेवरच बसू लागली. "एक उचला, पल्याड टाका," म्हणायची. जी माणसं ठेव म्हटल्यावर ठेवत होती, तीच आता उचल म्हटल्यावर उचलू लागली. ढीग उतरत गेला. हाडं दिसू लागली तेव्हा पलीकडच्या पाड्यावरून एक म्हातारी आली आणि खाली बसून दोन्ही हातांनी दगड चाचपू लागली. ती हैबतीची आई होती.

"काय हुडकतीस, आई?" भिवराने विचारलं.

"माझा दगड," म्हातारी म्हणाली. "बाजाराची वाट हीच. चौकीवाला सोडंना."

"तवा त्यो जित्ता व्हता?"

"व्हता. म्हनला, ठिव आये, न्हाई तर तुला मारतील. मंग म्या ल्हान बघून ठेवला."

भिवराने तिचे पाय धरले. त्या दिवसापासून ती येणाऱ्याला सांगू लागली, मोठे उचला, लहान राहू द्या. त्यातला एक म्हातारीचा आहे, तो तिचा तिलाच सापडू दे.

पण ढीग उतरला तसे लहान दगड शेकड्यांनी निघाले. किती जणांनी लहान बघून ठेवला होता, ते तेव्हा कळलं. म्हातारीला चालवत होतं तोवर ती येत राहिली. एकेक दगड उचलून तळहातावर घ्यायची, निरखायची आणि परत ठेवायची. तिला तिचा दगड सापडला नाही.

आजही खिंडीतून जाणारा मोठा धोंडा उचलतो आणि पलीकडे टाकतो. लहान दगड जिथल्या तिथे आहेत.