तळाची माती

त्या मुलखात एकच नदी होती, नदीत एकच खोल डोह होता, आणि ज्याने त्या डोहाचा तळ गाठला त्यालाच तिथे जाणता म्हणत. तळाशी निळसर माती होती; ती दुसरीकडे कुठेच मिळत नसे. विद्यालयात चार वर्षं शिकलेल्या प्रत्येक पाणमांजराने बुडी मारून ती मूठभर वर आणायची, परीक्षकाने तिचा टिळा त्याच्या कपाळी लावायचा, आणि मग कळपांना नदी पार करून द्यायला त्याची नेमणूक उतारावर व्हायची. पलीकडच्या कुरणात जाणारे कळप तो टिळा बघूनच पाण्यात पाऊल टाकत.

तुंगा नावाची म्हातारी पाणमांजर बारा वर्षं परीक्षक होती. ती माती बघत नसे, हुंगत असे. तळाच्या मातीला गार दगडाचा वास येई.

त्या वर्षी बत्तीस विद्यार्थी होते. तिघांनी रिकामे हात पुढे करून "जमलं नाही" म्हणून सांगितलं. तुंगाने त्यांना पुढच्या वर्षी यायला सांगितलं. उरलेल्या एकोणतिसांच्या मुठी भरलेल्या होत्या. पहिली मूठ तिने नाकाशी नेली आणि झटकन मागे घेतली. शेणाचा वास होता. विद्यालयामागे म्हशी लोळायच्या त्या डबक्यातला चिखल, रंगासाठी त्यात निळी फुलं चुरडलेली. दहाव्या मुठीलाही तोच वास होता. तरी तिने सगळ्या हुंगल्या.

"तळाशी काय पाहिलंस?" तिने रंजन नावाच्या गुबगुबीत विद्यार्थ्याला विचारलं.

"चिखल, बाई."

"आणखी?"

"आणखीही चिखलच."

"अंग कोरडं कसं तुझं?"

रंजन जराही ओशाळला नाही. "बाई, गेल्या वर्षीच्यांनीही तिथूनच आणला होता. तुम्हाला तेव्हा सर्दी होती. आज ते उतारावर आहेत, चांगलं चाललंय त्यांचं."

तुंगाला सर्दी होती, हे खरं होतं. आणि त्या पावसाळ्यात उतारावरून तीन वासरं वाहून गेली, तेव्हा पाणीच जास्त होतं असं सगळे म्हणाले होते. तीही म्हणाली होती.

ती तडक विद्यालयाच्या आचार्यांकडे गेली. आचार्य म्हणजे लांब पायांचा ढोक पक्षी. तो जन्मभर गुडघाभर पाण्यात उभा राहिला होता आणि खोलीवर व्याख्यानं देत आला होता.

"तुंगाबाई," तो मऊ आवाजात म्हणाला, "एकोणतीस मुलं म्हणजे एकोणतीस घरं. शिवाय नाक हा काही पुरावा नाही."

त्याने चौकशी समिती नेमली. त्याच डबक्यातले तीन बेडूक समितीवर होते. दोन दिवसांत निकाल आला: चिखल हा चिखलच आहे, विद्यार्थ्याची मूठ हुंगणं हा विद्यार्थ्याचा अपमान आहे, यापुढे माती फक्त हाताने चाचपून पाहावी.

"आणि टिळे तुम्हीच लावा," आचार्य म्हणाला. "तुमच्या नावाला वजन आहे."

तुंगाने नाही म्हणायचं ठरवलं होतं. पण तिचं बीळ विद्यालयाच्या काठात होतं, आणि या वयात नवीन बीळ कुठे खणणार? समारंभाच्या दिवशी तिने एकोणतीस कपाळांवर तो चिखल आपल्या बोटांनी चोपडला. मग खडकावर घासघासून पंजा धुतला. वास नखांतून जाईना. त्या पंजाने मासा धरायचीही तिला शिसारी आली.

आचार्याचं भाषण चालू असतानाच हरणांचा कळप काठाशी आला. एका हरणीचं पाडस शेवाळावरून घसरलं आणि सरळ डोहात गेलं.

हरणी धावत टिळेवाल्यांपुढे आली. "तुम्ही तळ पाहिलाय ना? लवकर जा."

रंजनने शेजाऱ्याकडे पाहिलं. "तू जा."

"तुझा नंबर माझ्या आधी होता," शेजारी म्हणाला.

उथळ पाण्यातून आचार्य म्हणाला, "आधी क्रम ठरवू."

तुंगाने बुडी मारली. छाती म्हातारी झाली होती. पहिल्यांदा ती अर्ध्यातून वर आली. दुसऱ्यांदा तिला पाडस सापडलं. त्याचे चारही पाय तळात रुतले होते. उपसून काढायला वेळ लागला. काठावर आणून ठेवलं तेव्हा ते हलत नव्हतं. तुंगाने छाती दाबून पाहिली, नाकात फुंकर घालून पाहिली, पुन्हा दाबली. पाडसाच्या पायांना गुडघ्यांपर्यंत निळी माती लागली होती, आणि तिला गार दगडाचा वास येत होता.

एकोणतीस जण जवळ आले. रंजन सगळ्यांत पुढे होता. त्याने गुडघे टेकून पाडसाचा एक पाय हातात घेतला. बाकीच्यांनी उरलेले तीन धरले. हरणीला वाटलं, ते पाय चोळून ऊब देताहेत. ती मुकाट्याने बाजूला सरकली आणि तिने त्यांना जागा करून दिली.

ते नखांनी खुरांतली माती खरवडत होते आणि आपापल्या कपाळाला लावत होते.